लिंकनच्या भाषणांची भेटप्रत आणि तिचा पहिला मालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी कुणालातरी दोन ओळी लिहून दिलेल्या असतात. आपण देणाऱ्याचे नाव डोळे बारीक करून वाचतो आणि घेणाऱ्याचे नाव वाचून पुढे जातो. अब्राहम लिंकनच्या भाषणांच्या भेटप्रतींबद्दल वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांतलेही बहुतेक सहीबद्दल असतात. मला मात्र घेणाऱ्याचे नाव जास्त महत्त्वाचे वाटते. ते का, हे पुढच्या उत्तरांतून कळेल.

हे नेमके कोणते पुस्तक?

१८६० साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ‘फॉलेट, फॉस्टर अँड कंपनी’ने छापलेले. त्याचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर ‘१८५८ सालच्या इलिनॉयमधील गाजलेल्या मोहिमेत माननीय अब्राहम लिंकन आणि माननीय स्टीफन ए. डग्लस यांच्यात झालेले राजकीय वादविवाद’. पाने २६८. लिंकनने स्वतः जुळवून, तपासून छापायला दिलेले हे त्याचे एकमेव पुस्तक.

त्यात सात वादसभांचा संपूर्ण मजकूर आहे. पहिली सभा २१ ऑगस्ट १८५८ रोजी इलिनॉयमधल्याच ऑटवा येथे झाली. मग फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्ल्सटन, गेल्सबर्ग, क्विन्सी आणि शेवटची १५ ऑक्टोबरला आल्टन येथे. पहिल्या वक्त्याने तासभर बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. उघड्यावर, ध्वनिवर्धकाशिवाय, तीन तास. विषय मुख्यतः एकच : गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही. वादसभांच्या आधीची दोघांची भाषणेही पुस्तकात घेतली आहेत. आपसांत दुभंगलेले घर टिकू शकत नाही, हे लिंकनचे १६ जून १८५८ चे प्रसिद्ध भाषण त्यांतच येते. शेवटी त्याची १८५९ मधली ओहायोतली दोन भाषणे आहेत.

याच विषयावरच्या लिंकनच्या भाषणांचा आणखी एक संग्रह आहे. तो छापलेला नव्हता. त्याची एकच प्रत होती आणि ती एकाच माणसासाठी तयार झाली होती. या पानाचा खरा नायक तो माणूस आहे. त्याच्याकडे येऊच.

लिंकन ती निवडणूक हरला होता ना? मग हरलेल्या मोहिमेचे पुस्तक कशाला?

हो, हरला होता. ती निवडणूक अमेरिकेच्या सिनेटमधल्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या, इलिनॉयच्या जागेसाठी होती. डग्लस हा त्या जागेवरचा सिनेटर आणि लिंकनचा प्रतिस्पर्धी. तेव्हा सिनेटर थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नसे, राज्याचे विधिमंडळ निवडत असे. जानेवारी १८५९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने डग्लसला ५४ विरुद्ध ४६ मतांनी पुन्हा निवडले. पण लोकांनी मतदान केल्यावर तीन आठवडे व्हायच्या आतच, २० नोव्हेंबर १८५८ रोजी, लिंकनने शिकागोच्या ‘प्रेस अँड ट्रिब्यून’चे संपादक चार्ल्स रे यांना पत्र लिहिले. वादसभांचे वृत्तान्त छापलेल्या प्रत्येक अंकाच्या दोन-दोन प्रती पाठवा, पैसे देईन, असे त्यात म्हटले होते. त्याला त्यांची कात्रणे चिकटवून एक वही करायची होती. वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी छापलेले असते. एक बाजू वहीत चिकटवली की दुसरी गेलीच. म्हणून दोन. हा माणूस किती नीट विचार करून वही करायला बसला होता, ते या एका तपशिलातून दिसते.

त्याने स्वतःची भाषणे ‘प्रेस अँड ट्रिब्यून’मधून घेतली, कारण तो त्याच्या बाजूचा पेपर होता. डग्लसची घेतली ‘शिकागो टाइम्स’मधून, कारण तो डग्लसचा. म्हणजे प्रत्येकाचे बोलणे त्याच्याच माणसांनी टिपलेले. डिसेंबर १८५९ मध्ये ओहायोच्या रिपब्लिकनांनी हा मजकूर छापायला मागितला, तेव्हा १९ डिसेंबरच्या पत्रात त्याने अट घातली : डग्लसच्या भाषणात एक शब्द, एक अक्षरही बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि पुस्तकात कुठेही आपले भाष्य नको. स्वतःच्या भाषणांत त्याने जे बदल केले ते फक्त शब्दांपुरते आणि अगदी थोडे होते, असेही त्याने त्याच पत्रात सांगून टाकले.

प्रचाराच्या पुस्तकात विरोधकाला पूर्ण बोलू देणे ही आजही दुर्मीळ गोष्ट आहे. मला या पुस्तकाबद्दल जो आदर वाटतो तो सहीपेक्षा या पत्रामुळे अधिक वाटतो.

ध्वनिमुद्रण नसताना भाषणे शब्दशः कशी उतरली?

लघुलिपीमुळे. ‘प्रेस अँड ट्रिब्यून’साठी रॉबर्ट हिट हा तरुण लघुलेखक बसत असे. ‘टाइम्स’कडून जेम्स शेरिडन आणि हेन्री बिनमोर. दोन्ही पेपर एकमेकांवर मजकूर बिघडवल्याचा आरोप करत, आणि खुल्या मैदानातल्या गर्दीत, वाऱ्यात काही शब्द निसटले असणारच. तरीही एखाद्या राजकीय मोहिमेतली भाषणे एवढ्या विस्ताराने छापली जाणे ही त्या काळात नवी गोष्ट होती. कात्रणे लावताना लिंकनने मधले टाळ्यांचे आणि हशाचे उल्लेख काढून टाकले. त्यामुळे पुस्तकात सभेचा गोंगाट ऐकू येत नाही, नुसता युक्तिवाद उरतो.

ती कात्रणवही आज कुठे आहे?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, आल्फ्रेड व्हायटल स्टर्न यांनी दिलेल्या लिंकन-संग्रहात. वादसभांच्या शताब्दीला, १९५८ मध्ये, ग्रंथालयाने तिची हुबेहूब आवृत्तीही काढली. लिंकन ही वही सहसा हातची सोडत नसे. मार्च १८५९ मध्ये एका इच्छुकाला त्याने तसे स्पष्ट कळवले होते. छपाईसाठी ती कोलंबसला नेली जॉन निकोले याने. हाच पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकनचा खासगी सचिव झाला.

लिंकनने सही करून किती प्रती वाटल्या?

प्रकाशकांनी त्याला शंभर प्रती दिल्या. त्याला यातून मिळाले ते एवढेच. त्याने त्या प्रती मित्रांना, वकिलीतल्या सोबत्यांना आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटल्या. त्यांतल्या ज्या आज माहीत आहेत त्या शंभराच्या मानाने फारच थोड्या. सह्यांची धाटणी साधी : वर घेणाऱ्याचे नाव, खाली ‘मित्राकडून’ अशा अर्थाचा एखादा शब्द आणि ‘ए. लिंकन’. खासगी पत्रांवर तो अशीच सही करी. पूर्ण ‘अब्राहम लिंकन’ सरकारी कागदांवर येई.

सही पेन्सिलने का?

ओळखल्या गेलेल्या भेटप्रतींपैकी बहुतेकांवर पेन्सिलच आहे. पुस्तकाच्या कोऱ्या पानांचा कागद शाई पसरवणारा होता, हे त्यामागचे नेहमी दिले जाणारे कारण. संग्राहकांना हे पटायला वेळ लागतो. राष्ट्राध्यक्षाची सही म्हणजे टाकाची, काळ्याभोर शाईची, असे आपल्या मनात असते. पण १८६० च्या वसंतात तो राष्ट्राध्यक्ष नव्हता. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्याला १८ मे रोजी शिकागोत मिळाली आणि निवडणूक ६ नोव्हेंबरला झाली. या पुस्तकाच्या प्रती देणारा लिंकन स्प्रिंगफील्डचा वकील होता आणि घेणाऱ्यांतले अनेक त्याला वर्षानुवर्षे ओळखत होते.

मग तो एकाच माणसासाठी केलेला संग्रह कोणता? आणि तो माणूस कोण?

माणसाचे नाव कॅप्टन जेम्स एन. ब्राउन. केंटकीत जन्मलेला, इलिनॉयच्या सँगमन काउंटीत स्थायिक झालेला मोठा शेतकरी. उत्तम जातीच्या शॉर्टहॉर्न गुरांच्या पैदाशीसाठी तो राज्यभर प्रसिद्ध होता, आणि इलिनॉयच्या राज्य कृषी संस्थेचा पहिला अध्यक्षही तोच. लिंकनचा जुना राजकीय सोबती.

१८५८ मध्ये ब्राउन विधिमंडळासाठी उभा होता. सिनेटर विधिमंडळ निवडणार, म्हणजे ब्राउनला पडणारे मत एका परीने लिंकनलाच. त्याच्या भागातले बरेच मतदार त्याच्यासारखेच केंटकी आणि दक्षिणेकडून आलेले. डग्लसची माणसे गावोगाव सांगत फिरत होती की लिंकनला काळ्यांना गोऱ्यांच्या पूर्ण बरोबरीला आणायचे आहे. शेतकरी मतदार ब्राउनला विचारत : तुमचा लिंकन नेमके काय म्हणतो? ब्राउनने तोच प्रश्न लिंकनला विचारला.

लिंकनने खिशात मावेल अशी कातडी पुठ्ठ्याची छोटी वही घेतली. तीत आपल्या भाषणांतली या विषयावरची कात्रणे चिकटवली आणि मध्ये मध्ये स्वतःच्या हाताने लिहिले. सुरुवातीलाच सांगून टाकले की या विषयावर मी आजवर जे बोललो त्याचा गाभा या उताऱ्यांत आहे, आणि पहिले तीन उतारे १६ ऑक्टोबर १८५४ रोजी पिओरिया येथे डग्लसला दिलेल्या उत्तरातले आहेत. शेवटी ब्राउनला उद्देशून पत्र लिहिले. तारीख १८ ऑक्टोबर १८५८. म्हणजे आल्टनच्या शेवटच्या वादसभेनंतर तिसरा दिवस, आणि मतदानाला पंधरा दिवस बाकी.

पुढचे पंधरा दिवस ही वही कुणाच्या दिवाणखान्यात मिरवली गेली नाही. ती प्रचारासाठी वापरायचीच होती. कुणी शंका काढली की ब्राउनने खिशातून वही काढायची आणि छापील उतारा समोर धरायचा. प्रचारसभेतले तोंडी वाद कुठून कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. ‘तो असे म्हणाला’, ‘नाही, तसे म्हणाला’. त्यावर लिंकनने शोधलेला उपाय हा होता : माझे शब्द जसे छापले गेले तसे घ्या आणि दाखवा.

ब्राउनच्या मागे वही घरातच राहिली. १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लूर, फिलिप्स’ने तिची छोटी हुबेहूब प्रत छापली, तेव्हा ती जगाला माहीत झाली. आज लोकांच्या संग्रहात आढळते ती बहुधा हीच १९०१ ची प्रतिकृती. ती मूळ वही समजून फसू नका.

त्या पत्रात काय आहे?

हे पत्र गुळगुळीत करून सांगू नये, म्हणून त्याचे दोन्ही भाग सांगतो.

पहिला भाग असा : या उताऱ्यांत म्हटले आहे त्याहून अधिक स्पष्ट मी कसे बोलू, मला कळत नाही. गोऱ्या-काळ्यांमध्ये सामाजिक आणि राजकीय समता आणण्याचा माझा हेतू नाही, हे मी चार उताऱ्यांत उघड आणि बाकीच्यांत सूचनेने सांगितले आहे.

दुसरा भाग लगेच पुढे येतो : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘माणसे’ हा जो शब्द आहे त्यात काळा माणूस आहे, हेही मी तितकेच स्पष्ट केले आहे. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे आपल्या मुक्त संस्थांचे मूळ तत्त्व आहे आणि गुलामगिरी त्या तत्त्वाचा भंग करते.

पहिला भाग वाचताना आपण अवघडतो, आणि अवघडायलाच हवे. महिनाभर आधी, १८ सप्टेंबरला चार्ल्सटनच्या सभेत त्याने हीच भूमिका याहूनही कठोर शब्दांत मांडली होती. त्यात काळ्यांना मतदानाचा हक्क नको, न्यायालयात ज्युरीत बसण्याचा हक्क नको, असे सारे होते. लिंकनवरचे प्रेम म्हणून ते लपवणारे लोक आहेत, आणि तेवढेच उचलून त्याला ढोंगी ठरवणारेही. ब्राउनची वही दोघांचीही सोय करत नाही. ज्या मतदाराला पहिला भाग ऐकायचा होता, त्याच्याच हातात लिंकनने दुसरा भागही दिला. तो सहज गाळता आला असता. मते मिळवायची होती आणि दिवस थोडे होते. तरी त्याने गाळला नाही.

माणूस काय मानतो हे त्याच्या जाहीर भाषणांतून कळते. पण अडचणीत सापडलेल्या मित्राला तो काय लिहून देतो, त्यावरून मला तो अधिक कळतो.

ही वही ब्राउनऐवजी दुसऱ्या कुणाला दिली असती तर फरक पडला असता?

फार. हीच कात्रणे बोस्टनच्या एखाद्या गुलामगिरीविरोधी पुढाऱ्याला पाठवली असती, तर पहिला भाग भित्रेपणा वाटला असता आणि दुसरा भाग नेहमीचा. केंटकीत जन्मलेल्या, गुरे पाळणाऱ्या, मध्य इलिनॉयच्या शेतकऱ्यांकडून मते मागणाऱ्या ब्राउनच्या हाती गेल्यावर पहिला भाग नेहमीचा ठरतो आणि दुसरा धाडसाचा. मजकूर तोच, पण घेणारा बदलला की त्याचे वजन दुसऱ्या बाजूला पडते. म्हणून भेटप्रतीवरचे घेणाऱ्याचे नाव हा मजकुराचाच भाग धरावा.

छापील पुस्तकाच्या भेटप्रतींनाही हेच लागू होते का?

होते. हेन्री व्हिटनीचे उदाहरण घ्या. हा अर्बाना गावचा वकील. आठव्या न्यायिक मंडळाच्या फिरतीवर न्यायाधीश आणि वकील घोडागाड्यांतून गावोगाव जात, तेव्हा तो लिंकनबरोबर असे. त्यानेही वादसभांचे अंक गोळा करून लिंकनला पाठवले होते. २५ डिसेंबर १८५८ च्या पत्रात लिंकनने त्याचे आभार मानले आणि लिहिले की माझी कात्रणवही पुन्हा छापली जाण्याची थोडी शक्यता आहे, तसे झाले तर एक प्रत तुमच्यासाठी राखून ठेवीन.

तेव्हा प्रकाशक नव्हता, करार नव्हता, विधिमंडळातला पराभव पुढच्याच महिन्यात व्हायचा होता. पण पहिल्या काही वाचकांची नावे लिंकनच्या मनात तयार होती. ज्याने अंक जमवायला मदत केली त्याला पुस्तक द्यायचे, एवढे साधे नाते. त्याच्या भेटप्रतींकडे अशा नजरेने पाहिले की स्प्रिंगफील्डच्या आसपासच्या वकिलांची आणि शेतकऱ्यांची नावे वाचण्यात गोडी येते. न्यूयॉर्कच्या बड्या माणसांची नावे नाहीत म्हणून चुकचुकायचे काही कारण नाही.

डग्लसला हे पुस्तक आवडले का?

अजिबात नाही. जून १८६० मध्ये त्याने प्रकाशकांना तक्रारीचे पत्र लिहिले : माझी भाषणे मला न दाखवता छापली, ती सदोष आहेत, आणि लिंकनला मात्र आपली सुधारता आली. तोपर्यंत लिंकन उमेदवार झाला होता, पुस्तक प्रचारात जोरात खपत होते आणि डग्लसही राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होता. नंतरच्या छपायांत प्रकाशकांनी त्याची तक्रार आणि आपले उत्तर दोन्ही जोडले. तक्रारीत थोडे तथ्य आहे असे मला वाटते. लिंकनला हात फिरवायची संधी मिळाली, डग्लसला नाही.

पहिली छपाई कशी ओळखायची?

पुस्तकाच्या एकाच वर्षात अनेक छपाया झाल्या, म्हणून शीर्षकपानावरचे १८६० हे साल पुरेसे नाही. संग्राहक मुख्यतः दोन खुणा पाहतात. पान १७ च्या तळाशी ‘२’ हा आकडा हवा. आपल्याकडच्या छापखान्यातला माणूस हे लगेच समजेल : सोळा पानांचा फर्मा, म्हणून सतराव्या पानापासून दुसरा फर्मा सुरू होतो आणि बांधणाऱ्याच्या सोयीसाठी तिथे फर्म्याचा क्रमांक टाकलेला असतो. दुसरी खूण म्हणजे शीर्षकपानामागच्या, स्वामित्वहक्काच्या पानावर प्रकाशकाच्या नावाच्या वर आडवी रेघ नको. डग्लसचे पत्र जोडलेले असेल तर ती नंतरचीच छपाई, हे वेगळे सांगायला नको.

सही नसलेली प्रतही दुर्मीळ असते का?

तितकी नाही. हे पुस्तक प्रचारासाठी हजारोंनी छापले गेले, त्यामुळे साधी प्रत जुन्या पुस्तकांच्या अमेरिकी बाजारात अधूनमधून येत राहते. दुर्मीळ आहे ती लिंकनच्या हातून गेलेली प्रत.

बनावट सह्यांचा धोका किती?

मोठा. अमेरिकेत सर्वाधिक बनावट सह्या ज्यांच्या झाल्या, त्यांत लिंकन अग्रभागी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात जोझेफ कोझी या नावाने वावरणारा माणूस लिंकनचे अक्षर इतके सफाईने काढी की त्याचे बनावट कागद आज बनावट म्हणूनच जमवले जातात. त्याला खरा जुना कागद मिळे, आणि जुन्या शाईसारखी दिसणारी तपकिरी शाई तो वापरी.

पेन्सिलच्या सहीत अडचण आणखी वाढते. लोहयुक्त शाई काळाबरोबर रंग बदलते, कागदात मुरते, कधी कागद खाते. त्यातून तपासणाऱ्याला काहीतरी धागा मिळतो. पेन्सिलीतले ग्रॅफाइट मात्र बदलत नाही. काल ओढलेली रेघ आणि दीडशे वर्षांपूर्वीची रेघ यांत रसायन फारसे बोलत नाही. मग तपासणारा इतर गोष्टी बघतो : अक्षरांची वळणे, दाब, रेघेवरून मागाहून गेलेले डाग आणि घड्या, समोरच्या पानावर उमटलेली पुसट छाया.

आणि सर्वांत आधी बघतो घेणाऱ्याचे नाव. तो माणूस खरोखर होता का? लिंकन त्याला ओळखत होता का? १८६० मध्ये तो कुठे होता? नंतर पुस्तक कुणाकडे गेले, वारसाला की लिलावात की ग्रंथालयात? बनावट करणारा सही गिरवू शकतो. एखाद्या घराच्या तीन पिढ्यांची पत्रे, मृत्युपत्रे आणि यादीतल्या नोंदी गिरवणे त्याच्या हाताबाहेरचे असते. सही खरी की खोटी, याचा निकाल बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या चरित्रातूनच लागतो.

नुसती सही, घेणाऱ्याचे नाव नाही, अशी प्रत चांगली की नाव असलेली?

बाजारात काही जणांना कोरी सही हवी असते, दुसऱ्याचे नाव खुपते. मी नाव असलेलीच घेईन. नाव खोडून किंवा पान कापून सही तेवढी ठेवलेल्या प्रतीही दिसतात. ते पाहून फार वाईट वाटते. तिथे एका माणसाला इतिहासातून बाहेर काढलेले असते.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी काय संबंध?

या पुस्तकातल्या वादाचा थेट पडसाद मराठीत आहे. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि अर्पण केले ते युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. गुलामांना मुक्त करण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल आदर म्हणून, आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील या आशेने. वादसभांना तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, लिंकनच्या खुनाला आठ.

भेटप्रतींच्या संदर्भात मला ही अर्पणपत्रिका फार मोलाची वाटते. पुण्यातला लेखक सातासमुद्रापलीकडच्या, कधी न भेटलेल्या लोकांना पुस्तक देतो, आणि ते वाचायला मिळते मात्र इथल्या माणसाला. तिथल्यांचे कौतुक आणि इथल्यांना आवाहन, दोन्ही एका वाक्यात. ‘हे कुणासाठी लिहिले?’ हा प्रश्न ब्राउनच्या वहीला विचारावा तसाच ‘गुलामगिरी’लाही विचारावा. शिवाय चार्ल्सटनचा लिंकन समता नाकारत होता आणि जोतीरावांना ती हवीच होती. ज्यांचा आदर्श घेतला त्यांच्याही पुढे ते एक पाऊल होते.

आमच्या घरात आजोबांना कुणा पुढाऱ्याने सही करून दिलेला भाषणांचा संग्रह आहे. त्याचे काय करावे?

आधी त्याला रद्दीच्या गठ्ठ्यातून आणि उत्साही बाइंडरपासून वाचवा. जुनी बांधणी ढिली झाली की आपण पुस्तक बांधायला देतो. बाइंडर पहिले कोरे पान काढून टाकतो, कडा कापतो, नवा पुठ्ठा घालतो, आणि ‘सप्रेम भेट’ लिहिलेले तेच पान नेमके जाते. बांधणी करायचीच असेल तर ते पान मूळ जागी राहील हे आधी ठरवून घ्या आणि कडा कापू देऊ नका.

पेन्सिलचे अक्षर पुसट झाले म्हणून त्यावरून पेन फिरवू नका. त्यावर चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. त्या पानासमोर आम्लरहित कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे ग्रॅफाइट घासले जाणार नाही. वाचायला कठीण जात असेल तर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरका उजेड टाकून मोबाइलने फोटो काढा. ग्रॅफाइट चमकते आणि दाबाच्या खुणाही उठून दिसतात. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवले की आत बुरशी धरते. हवा खेळती हवी, कपाट भिंतीला टेकलेले नको, आणि कसर किंवा वाळवी दिसते का ते अधूनमधून पाहावे.

मग घरातल्या वयस्कर माणसांशी बोला. आजोबांना हे पुस्तक कोणत्या प्रसंगी मिळाले? सभेनंतर, तुरुंगातून सुटल्यावर, की गावात शाळा सुरू झाली तेव्हा? देणारा त्यांना ओळखत होता की रांगेतल्या शेकडोंपैकी ते एक होते? सोबतचे पत्र, फोटो, कार्यक्रमाची पत्रिका सापडली तर एकत्र ठेवा. जे कळेल ते वेगळ्या कागदावर तारीख घालून, सांगणाऱ्याचे नाव घालून लिहा. पुस्तकात काही लिहू नका.

ग्रंथालयाला द्यावे का?

घरात पुढची पिढी मराठी वाचणारी नसेल तर जरूर द्या. पण देताना ग्रंथपालांशी आधी बोलून घ्या. सहीचे पान वेगळे नोंदवले जाईल का, शिक्का त्या पानावर मारणार नाहीत ना, आणि यादीत लेखकाबरोबर ज्यांना प्रत दिली होती त्यांचेही नाव येईल का, हे विचारा. शेवटच्या मागणीवर अडून बसा. ग्रंथालयाच्या यादीत तुमच्या आजोबांचे नाव गेले नाही, तर पुढचा अभ्यासक ते शोधायला कधीच येणार नाही.